सांताची आवक-जावक

आमचे साडू हे ठाणे जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांच्या घरी सांताक्लॉजलासुद्धा रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय आत सोडत नाहीत. काल्हेरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दाराआड खिळ्याला एक लांबट रजिस्टर टांगलेलं असतं, त्याला सुतळीने पेन बांधलेलं असतं, आणि दर पंचवीस डिसेंबरला त्यात एक नवी नोंद सापडते. नाव : सांता. कुठून : उत्तर ध्रुव. गाडी नंबर : लागू नाही. माल : नऊ खोकी, सीलबंद. पुढे येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि शेवटी एक सही. मी पस्तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल होतो, डॉक्टरांपासून हमालांपर्यंत सगळ्यांच्या सह्या लावल्या, पण ही सही मला आजवर लागलेली नाही. साडू ती डाव्या हाताने करत असावेत असा माझा संशय आहे. त्या दिवशी जगभरची मुलं म्हणे झाडाखाली धावतात. साडूंच्या घरी जमलेली मुलं आधी रजिस्टरकडे धावतात आणि आवक बरोबर लागली आहे ना, हे बोट ठेवून तपासतात. भिवंडीत मी पुष्कळ समारंभ पाहिले, हार पाहिले, फेटे पाहिले, एका माणसाच्या सत्कारासाठी अकरा माणसांची भाषणं ऐकली. पण इतका चोख समारंभ दुसरा पाहिला नाही, हे मला कबूल करावं लागतं. कबूल करावं लागतं, याचाच मला राग आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मूळचे राहनाळचे. त्यांच्या लहानपणी गावात जिथे भात व्हायचा तिथे पुढे गोडाऊनं उभी राहिली, आणि एकोणिसाव्या वर्षी साडू त्यातल्याच एकात माल उतरवायला लागले. आज ते काल्हेरच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये आवक-जावकीचे सुपरवायझर आहेत. कानामागे पेन आणि खिशात चिकटपट्टी असल्याशिवाय मी त्यांना पाहिलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही पेन आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर लेबल असतं आणि लेबलावर डबा उघडल्याची तारीख. 'हळद. आधी जुनी संपवणे.' माझी मेहुणी त्यांच्यापासून लाडू लपवते ते 'मेथीदाणे' लिहिलेल्या डब्यात, कारण लेबलावर अविश्वास दाखवणं साडूंच्या स्वभावात नाही. त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी पलंगाच्या दांडीला 'नाजूक, सांभाळून हाताळा' असं लाल स्टिकर लावलं. म्हातारी म्हणाली, "माज्या पाठीवर बी एक चिटकव, म्हंजे सून हळू बोलंल."

माझ्या मुलाच्या लग्नात वऱ्हाडाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. परतीच्या बसमध्ये त्यांनी माणसं मोजली तर एक नग जास्त भरला. लोक म्हणाले जाऊ द्या, रात्र झालीय, कमी तर नाही ना. साडूंनी बस थांबवली, पुन्हा मोजली आणि शेवटच्या सीटवर झोपलेले एक म्हातारे गृहस्थ शोधून काढले. ते शेजारच्या हॉलमधल्या लग्नाचे होते. साडूंनी त्यांना रिक्षात घालून योग्य पत्त्यावर परत पाठवलं आणि पोचल्याचा फोन येईपर्यंत बस हलू दिली नाही. त्या लग्नात मी वधूवरांना उद्देशून वीस मिनिटांचं भाषण केलं होतं. सहा महिने त्याची तयारी केली होती. आज आमच्या नातेवाइकांत त्या लग्नाचा विषय निघाला की जास्तीच्या म्हाताऱ्याची गोष्ट निघते. भाषणाची कुणाला आठवण नाही. त्या म्हाताऱ्याला असेल तर असेल, तो जागा असता तर.

आता अशा माणसाच्या घरात नाताळ कसा शिरला, तर तोही गोडाऊनच्या दारातून. काही वर्षांपूर्वी तिथे प्लास्टिकच्या झाडांचा एक लॉट आला, त्यातलं एक झाड शेंड्याला वाकलं होतं. वाकलेलं झाड गिऱ्हाइकाला जात नाही. साडूंनी ते घरी आणलं आणि मुलांनी विचारलं, की हे कशाला असतं? साडूंना माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या मालाची आवक करायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वसईकडच्या बाईंना विचारायला गेले. आमच्याकडे केलं तर चालेल ना, हेही विचारून आले. बाई म्हणाल्या की सांताबिंता ठीक आहे, पण मुळात तो एका बाळाचा वाढदिवस आहे. साडूंना हे फार पटलं. बाळाचा वाढदिवस म्हटल्यावर केक आला, केक म्हटल्यावर मेणबत्ती आली, आणि आमच्या बौद्ध घरांत कोणताही कार्यक्रम वंदनेशिवाय सुरू होत नाही, तेव्हा तीही आली. म्हणून आमच्या साडूंच्या घरचा नाताळ त्रिशरण-पंचशीलाने सुरू होतो, मग सगळी पोरं हात जोडलेल्याच अवस्थेत येशूबाळाला 'हॅपी बर्थडे' म्हणतात, वसईच्या बाई एक सुरेल मराठी गाणं म्हणतात आणि बशीभर नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, ठेवतात, मग रजिस्टरचं वाचन, मग खोकी, मग तांदळाच्या भाकऱ्या आणि मटण. मी एकदा या सरमिसळीबद्दल माझं मत ऐकवलं होतं. साडूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मेणबत्ती आपल्याकडे लागतेच, साडूभाऊ. फक्त अजून एक लावायची."

इथे माझी बाजू सांगायला हवी. पंचवीस डिसेंबर हा माझ्या लेखी मनुस्मृती दहनाचा दिवस आहे. त्या दिवशी महाडला काय जळलं आणि का जळलं, हे आमच्या पोरांना ठाऊक असलं पाहिजे, म्हणून गेली पंचवीस वर्षं मी त्या सकाळी माझ्या घरी सगळ्या नातेवाइकांना पोराबाळांसकट बोलावतो. वंदना होते, पोहे होतात आणि मी बोलतो. धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे, खालच्या मजल्यावर कापड विणणारे लूम चालू असतात, त्यांच्या खटखटीच्या वरताण आवाज लावून मी बोलतो. पूर्वी मुलं ऐकायची. म्हणजे निदान बसायची. साडूंकडे झाड आल्यापासून मात्र ती नवे कपडे घालूनच येतात, आणि माझ्या प्रस्तावनेपासूनच त्यांची नजर घड्याळाकडे असते. सगळं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे साडू. पुढे बसतात, मान डोलावतात आणि शेवटी सांगतात, "यंदा दोन मुद्दे नवीन होते, साडूभाऊ." म्हणजे त्यांनी माझ्या मुद्द्यांचाही साठा मोजलेला असतो. मग अकरा वाजता ते नाक्यावरून तीन रिक्षा बोलावतात, डोकी मोजून पोरं भरतात आणि काल्हेरला रवाना होतात. बायका पाठोपाठ. मी कधीच गेलो नाही. हा बाजाराने लादलेला सण आहे, प्लास्टिक आहे, अनुकरण आहे, असं मी दर वर्षी सांगत आलो. मत्सराच्या अंगावर तत्त्वाचा सदरा फार नीट बसतो. शिवायला टाकावा लागत नाही. रिकाम्या घरात उरलेले पोहे खात मी लूमचा आवाज ऐकत बसायचो आणि काल्हेरला आता काय चाललं असेल याची कल्पनासुद्धा करायची नाही असं ठरवून तीच करायचो.

आणि हे सगळं मी सोसलं असतं, पण मैत्री मोठी व्हायला लागली. मैत्री माझी नात, मुलाची मुलगी, वय वर्षं पाच. ती माझ्या घरात राहते, माझ्या ताटात जेवते, शाळेत जाताना माझंच बोट धरते. तिला अक्षरं मी शिकवली. रस्त्यावरच्या पाटीवर तिने स्वतःहून वाचलेलं पहिलं अक्षर होतं 'गो', आणि ते वाचून ती ओरडली, "गोडाऊन आजोबा!" हे नाव सगळ्या पोरांनी साडूंना दिलेलं आहे. एकदा शेजारणीने तिला विचारलं की तुला आजोबा किती, तर ती म्हणाली, "एक गोडाऊन आजोबा." मग माझ्याकडे बघून, कुणी राहून जायला नको म्हणून, "आणि हे साधे आजोबा."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी साडू एक फट पाडलेलं खोकं घेऊन घरोघर फिरतात. मुलांनी त्यात चिठ्ठी टाकायची. चिठ्ठीचा नमुना ठरलेला : नाव, वय, काय पाहिजे, किती नग, आणि कारण. कारणाचा रकाना कोरा असेल तर चिठ्ठी परत येते. साडूंच्या एका पुतण्याने कारण म्हणून 'उगाच' लिहिलं होतं. साडूंनी दोन दिवस विचार करून ते मंजूर केलं. आलेली वस्तू सव्वीस तारखेला परत करायची सोय असते, तिथेही कारण लागतं. 'मोठं पडतं.' 'रंग दुसरा.' एकदा 'दादाला जास्त चांगलं मिळालं.' ही तक्रार साडूंनी मान्य केली नाही, पण नोंदवून घेतली. मला ती फार जवळची वाटली. मोठ्यांनाही चिठ्ठी टाकता येते. माझ्या बायकोने एका वर्षी 'शांतता, एक नग' मागितली आणि कारणाच्या रकान्यात माझं नाव घातलं. तिला लूमवाले कामगार कानात घालतात ते बोळे आले. ती ते अजून वापरते, लूम बंद असतानासुद्धा. मी मात्र पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, की माझं नाव तुमच्या यादीतून काढा. साडू म्हणाले, "नाव काढता येत नाही, साडूभाऊ. एकदा आवक झाली की झाली. फार तर माल शून्य दाखवता येईल."

गेल्या डिसेंबरात मैत्रीची पहिली चिठ्ठी होती. आधीच्या वर्षांत तिची आई काहीतरी लिहून टाकायची. या वेळी ती स्वतः सांगणार होती आणि घरात सर्वांत चांगलं अक्षर माझं, म्हणून लेखनिकाचं काम माझ्याकडे आलं. तिने मागितली शिट्टी. वाहतूक पोलिसाची असते तशी. शाळेत जाताना आमची रिक्षा रोज धामणकर नाक्यावर अडकते, तिथे एक हवालदार शिट्टी वाजवत असतो. त्या शिट्टीने त्या नाक्यावर कुणी थांबल्याचं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. पण मैत्रीने बघितलं त्या दिवशी थांबले असतील. कारण काय लिहू, असं मी विचारलं. ती लगेच म्हणाली, "ती वाजवली की सगळे थांबतात." मी ते तसंच लिहिलं, चिठ्ठीची घडी केली, तिच्या हाताने खोक्यात टाकली. आणि टाकताना माझ्या मनात आलं, की या जगात मैत्रीला काय हवंय हे आता दोन माणसांना माहीत असणार आहे, आणि त्यातला एक मी, तोही तीन आठवडे आधी.

चोवीस तारखेला दुपारी मी नाक्याजवळच्या शाळेचे युनिफॉर्म विकणाऱ्या दुकानात गेलो आणि दोरीसकट शिट्टी घेतली. दुकानदाराने विचारलं, "चचा, किसको रोकना है?" मी नुसता हसलो. खरं उत्तर होतं, एका सुपरवायझरला.

संध्याकाळी सहा वाजता ती मी मैत्रीच्या गळ्यात घातली. तिने गाल फुगवून शिट्टी फुंकली आणि घर थांबलं. सून चहाची गाळणी हातात धरून थांबली, मुलगा चप्पल घालता घालता एका पायावर थांबला, बायको उंबऱ्यात थांबली. फक्त खालचे लूम थांबले नाहीत. पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या अर्ध्या तासांत मोडतो. ती माझ्या मांडीवर बसून वाजवत होती आणि मी बोटाने दाखवत होतो, आता याला थांबव, आता तिला सोड. मग अचानक शिट्टी तिच्या तोंडातून खाली आली.

"आजोबा, ही तुम्ही आणली?"

"हो मग."

"आणि माझी चिठ्ठी?"

"ती खोक्यात टाकली ना आपण."

ती विचारात पडली. तिला विचार करायला मीच शिकवलं आहे.

"मग आता सांता म्हणेल, हिला तर मिळाली. मग माझं खोकंच नाही येणार. सगळ्यांची येणार. काल्हेरच्या दादाचं येणार." तिने गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली. "परत घ्या."

आणि ती रडायला लागली, आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून. तेव्हा मला कळलं की हवी होती ती शिट्टी नव्हतीच. म्हणजे शिट्टी हवी होती, पण ती खोक्यातून, चिकटपट्टी ओरबाडून, रजिस्टरात नाव लागल्यावर. सात वर्षं त्या समारंभावर टीका करूनही मला जे समजलं नव्हतं, ते मी एका दुपारी बिघडवून समजून घेतलं. बायकोने टेबलावरचा माझा फोन उचलला आणि माझ्या हातात दिला.

साडू गोडाऊनमध्येच होते. मागे ट्रक रिव्हर्स घेत असल्याचा आवाज येत होता. मी सवयीप्रमाणे प्रस्तावना केली, पार्श्वभूमी सांगितली, मग झालं ते सांगितलं. ते ऐकत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता डिलिव्हरी केलीत?"

"सहा."

"वाजवून बघितली पोरीने?"

"वाजवली."

"म्हणजे माल नीट पोचला." मग म्हणाले, "होतं असं, साडूभाऊ. एका ऑर्डरला कधी कधी दोन गाड्या लागतात. माझ्याकडचा नग मी काढून घेतो, बघतो काय करता येतं ते. पण मग उद्या तुम्हाला यावं लागेल."

"मला कशाला?"

"पहिली गाडी तुमची ना? सही कोण करणार?"

ते एक शब्द जरी टाकून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं भाषण पंधरा मिनिटांत आटोपलं. साडूंनी भुवया उंचावल्या. बरेच मुद्दे कमी भरले असणार. अकरा वाजता रिक्षात डोकी मोजताना त्यांनी माझ्याही डोक्यावर पेनाने टिचकी मारली आणि आकडा पुढे नेला. मैत्री माझ्या शेजारी बसली, पण सबंध वाटेत बाहेरच बघत होती. शिट्टी माझ्या खिशात होती.

काल्हेरच्या त्या अडीच खोल्यांत शेंड्याला वाकलेलं झाड उभं होतं, त्याला 'हीच बाजू वर' असं लेबल होतं. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून पोरांच्या बसायच्या जागा आखल्या होत्या. वंदना झाली, बाळाला शुभेच्छा देऊन झाल्या, बाईंचं गाणं झालं. साडूंच्या आईने एका ताटात दोन भाकऱ्या वाढून झाकून ठेवल्या होत्या. त्या कुणाच्या, असं मी विचारलं. "त्या सांताच्या," म्हातारी म्हणाली. "येवढं फिरतो त्यो, त्याला कोन इचारतं का न्हाय, बाबा जेवला का?" साडू दर वर्षी या दोन भाकऱ्या गुपचूप संपवतात हे मला बायकोकडून माहीत होतं, पण म्हातारीच्या तोंडचं वाक्य प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं. असं मी काय काय ऐकलं नव्हतं कोण जाणे.

रजिस्टर वाचायचा मान साडूंच्या मुलीचा, सानिकाचा. ती सातवीत आहे. तिने स्वतः या वर्षी चिठ्ठी टाकली नव्हती. मला जे हवंय ते मी मोबाईलवर बघून ठेवलंय पप्पा, असं तिने सांगितलं होतं म्हणे. तिने नोंदी वाचल्या, पोरांनी खोकी फोडली. मैत्री हात मांडीवर घेऊन आपल्या पट्टीच्या आत बसली होती. तिचं नाव सर्वांत शेवटी आलं. खोकं आलं. त्यात गोडाऊनमधले कामगार घालतात तसं चकाकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट होतं, मेहुणीने एका रात्रीत उसवून पाच वर्षांच्या मापाचं केलेलं, आणि पांढऱ्या हातमोज्यांची जोडी. वर एक पिवळं चलन. सानिकाने ते वाचून दाखवलं.

"मैत्री. ऑर्डर एक, गाड्या दोन. पहिली गाडी : शिट्टी, एक नग, चोवीस तारखेला आजोबांच्या हस्ते पोच. दुसरी गाडी : जाकीट एक, हातमोजे एक जोड. पहिल्या गाडीची सही बाकी."

सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. मैत्रीने सर्वांत जास्त वेळ पाहिलं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही सांताकडे ड्युटीला आहात?"

मी आजवर अनेक सभांत अवघड प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. साडू कानामागचं पेन काढून माझ्यापुढे धरून उभे होते.

"फक्त चोवीस तारखेला," मी म्हणालो आणि सही केली.

मग तिने जाकीट घातलं, हातमोजे घातले, माझ्या खिशातून शिट्टी काढून घेतली आणि फुंकली. पोरं थांबली. वसईच्या बाई नेवरीचा घास तोंडाशी धरून थांबल्या. भाकरीची परात घेऊन येणारी मेहुणी दारात थांबली. साडू तर हातात चिकटपट्टी धरून असे थांबले, की मैत्रीला त्यांना दोनदा हात करून सोडावं लागलं. संध्याकाळपर्यंत त्या घरात तिच्या परवानगीशिवाय कुणी पाणी प्यायला गेलं नाही, आणि दर वेळी मला मात्र ती न थांबवता सोडत होती. मी स्टाफपैकी होतो.

सगळं आटोपल्यावर साडूंनी खिशातून काहीतरी काढून रजिस्टरच्या खिळ्याला अडकवलं. मी जवळ जाऊन पाहिलं. ती त्यांनी आणलेली शिट्टी होती. माझी प्लास्टिकची होती; ही पितळी होती, जड, जुन्या घडणीची, शोधून आणलेली. ती त्यांनी खोक्यातून काढून घेतली होती आणि मैत्रीला हे कधीच कळणार नव्हतं. त्यांच्या झाडाचा, रजिस्टरचा, पोरांच्या गर्दीचा हेवा मी इतकी वर्षं केला तो सगळा एकीकडे. त्या क्षणी मला त्यांचा जो हेवा वाटला त्याला तोड नाही.

निघण्यापूर्वी झाडाचं खोकं माळ्यावर चढवायचं होतं. साडू स्टुलावर चढले, मी खालून माल देत होतो. जागा करायला त्यांनी माळ्यावरून एक लहान खोकं काढून माझ्या हातात दिलं. त्यावर माझं नाव होतं. खोकं हलकं होतं, पण लेबलाची बाजू जाड लागत होती, जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी. नखाने कोपरा उचलून पाहिला तर खाली आणखी एक लेबल, त्याखाली आणखी एक. सातही लेबलांवर माझंच नाव, दर वर्षीची वेगळी तारीख.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं."

"रिकामं आहे."

"ऑर्डर कुठे होती?" साडू वरूनच म्हणाले. "पण नाव आहे म्हटल्यावर जागा धरून ठेवावी लागते. लेबल तेवढं दर वर्षी नवं लावतो. द्या इकडे, ते पुढेच ठेवतो."

आता जानेवारी चालू आहे. मैत्रीची शिट्टी अजून वाजते आणि बायकोचे बोळे आता खरोखरच कामी येतात. परवा साडू आले होते, बोलता बोलता म्हणाले की पहिल्या वर्षी तेरा खोकी होती, यंदा नऊ झाली, पुढच्या वर्षी पुतण्या दहावीला जाईल म्हणजे आठ. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, साठा सांगतात तसं सांगितलं. ही यादी आटावी म्हणून मी सात वर्षं वाट पाहिली आहे. कधीतरी मैत्रीलाही ती डाव्या हाताची सही लागेल. वाचायला मीच शिकवतोय. मग साडू डिसेंबरच्या पहिल्या रविवारी फटीचं खोकं घेऊन येतील आणि ते रिकामंच परत घेऊन जातील, आणि सवयीने त्याला सील लावतील.

म्हणून काल मी एक चिठ्ठी लिहिली. डिसेंबरला अकरा महिने आहेत, पण लवकर आलेली ऑर्डर केव्हाही चांगली. नाव लिहिलं. वय लिहिलं, खरं तेच. काय पाहिजे : शिट्टी, पितळी. किती : एक नग. कारणाच्या रकान्यापाशी मात्र माझं पेन अडलं. पाच पानी भाषणं लिहिणाऱ्याला एका ओळीचं कारण सुचेना, आणि कोरा रकाना तर साडू परत पाठवतात. शेवटी मैत्रीचं कारण आठवलं, आणि ते शब्दाला शब्द उतरून काढलं : ती वाजवली की सगळे थांबतात.